स्वस्त फ्रेंच तांबडी वाइन व आपलें ताट

कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून जो रस्ता उत्तरेस जातो, तो चाकण व नारायणगांव ओलांडून नाशिकच्या द्राक्षमळ्यांत पोंचतो. या वाटेवर द्राक्षें पिकविणारे पुष्कळ आहेत. वाइन जिभेनें पारखणारे थोडे. जे मद्यास शिवत नाहींत त्यांस आमचा आग्रह नाहीं. बाकीच्यांनीं मात्र एकदां साधी, स्वस्त फ्रेंच तांबडी वाइन आपल्या जेवणाबरोबर चाखून पाहावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. (आयातकरामुळें तिकडची स्वस्त बाटली इकडे तितकी स्वस्त राहत नाहीं, चौघांनीं मिळून एक घ्यावी.)

स्वस्त कां, तर ती बहुधा शेतकऱ्याची असते म्हणून. दक्षिण फ्रान्सांतील लांगदोक प्रांतांत मारोसां गांवच्या लहान बागाईतदारांनीं १९०१ मध्यें सहकारी वाइनघर काढलें. १९०७ मध्यें भाव कोसळले व साखर घालून केलेल्या बनावट मालाविरुद्ध लाखों लोक मोंपेल्ये शहरांत जमले. नारबोन येथें लष्कराच्या गोळीबारांत माणसें मेलीं. सरकारास भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला, आणि पुढें त्या प्रांतांत गांवोगांव सहकारी वाइनघरें उभीं राहिलीं. साखर कारखान्यांचा सहकार जाणणाऱ्या आपल्या जिल्ह्यांस हें निराळें सांगावयास नको.

आतां चाखण्याविषयीं. उन्हाळ्यांत बाटली पाव तास बर्फाच्या पाण्यांत ठेवावी. ती सोळा-अठरा अंशांहून फार तापली तर नाकांत नुसता मद्यार्क शिरतो. पेला तिसऱ्या हिश्शापर्यंतच भरावा, रंग पाहावा, हुंगावें, मग घोट तोंडांत घोळवावा. परदेशी जाणकार चामडें, तंबाखू व नाना फळांचे वास सांगतात. त्यानें गांगरूं नये. आंबट व तुरट हे दोन शब्द आपल्यापाशीं आहेतच. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते, तोच हा तुरटपणा. तो द्राक्षाच्या सालींतून व बियांतून येतो. रंगही सालीचाच. म्हणून पातळ सालीचें, बिनबियांचें, जिब्रेलिक आम्लानें फुगविलेलें आमचें थॉम्सन खावयास उत्तम, पण तांबड्या वाइनीस निरुपयोगी.

तुरटपणास स्निग्ध पदार्थाची सोबत हवी. तीळ, खोबरें व लसूण यांचें सारण भरलेली जुन्नरकडची मासवडी या वाइनीशीं अशी जुळते कीं जणू तिच्यासाठींच केली. तिचा झणझणीत रस्सा मात्र दूर ठेवावा. मिरचीचा दाह मद्यार्कानें वाढतो. सुकें मटण, भाजलेलें वांगें, बाजरीची भाकरी व लोणी हेंही चालतें. बोंबलाबरोबर तोंडांत लोखंडाची चव उतरते. श्रीखंडाच्या ताटावर तर तिचें नांवही काढूं नये.

ही चैन कशाला, असें कोणी विचारील. नारायणगांवीं श्यामराव चौगुले यांनीं १९८० नंतरच्या दशकांत फ्रेंच जाणकारांच्या साह्यानें फसफसणारी वाइन काढली, ती परदेशीं गेली. पुढें ती कंपनी कर्जांत बुडाली. महाराष्ट्र सरकारनें २००१ मध्यें वाइनीचें धोरण आंखलें, नाशिककडे कारखाने वाढले. या साऱ्या उलाढालींत मळेवाला बहुधा घड तोलून देणाराच राहिला. आपल्या मालाचें शेवटीं काय होतें, तें चवीनें न जाणणारा मनुष्य भावाची घासाघीस कोणत्या आधारावर करणार?

नाशिककडील शिराज ही ऱ्होन खोऱ्यांतील सिराच होय. संघाच्या पुढील सभेंत दोन्ही बाटल्या, कागदानें झांकून, मासवडीसह मांडाव्या, आणि दुसरा पेला कोणत्या बाटलींतला मागावासा वाटतो, तें मळेवाल्यांनींच सांगावें.