सावळा रंग

आषाढी एकादशीला लक्षावधी वारकरी पंढरपुरी ज्या विठ्ठलाच्या दर्शनाला जातात, तो सावळा आहे. त्याच महाराष्ट्रात मुलगी सावळी निपजली की वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी उमटते, हे मोठे नवल होय!

त्वचेचा रंग म्हणजे मळ नव्हे. तो चोळून जावयाचा नाही. त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. सावळ्या त्वचेत ते अधिक. सूर्याच्या अतिनील किरणांचा मारा ते शोषून घेते व आतील पेशींचे रक्षण करते. उन्हातान्हात राबणाऱ्या शेतकऱ्याचे ते निसर्गदत्त छत्रच. ते छत्र पैसे मोजून स्वहस्ते फाडावे, यापरता अविचार कोणता?

गोरेपणाच्या काही मलमांत पारा आढळला आहे. तो त्वचेवाटे शरीरात शिरतो व मूत्रपिंडांना इजा करतो. काहींत स्टेरॉइड हे औषध असते. प्रथम चेहरा उजळल्यासारखा भासतो; पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते, मुरमे उठतात, आणि मलम थांबवावे तर आग अधिकच भडकते. अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास भारत सरकारने २०१८ साली मनाई केली.

मग त्वचेची निगा राखूच नये की काय? अवश्य राखावी. तोंड स्वच्छ पाण्याने धुवावे, थंडीत हातापायांना खोबरेल तेल लावावे, भर दुपारी डोक्यावर टोपी असावी. मुरूम नखाने फोडू नये, व्रण राहतो. दिवाळीच्या पहाटे उटणे तर लावावेच. त्याचा सुवास दिवसभर दरवळतो. त्याने कोणी गोरे मात्र होत नाही.