डॉक्टरांनाही ‘अभ्यास’ असतो, पण तो कशाचा?

सर्दी-खोकला झाला की आपण कोपऱ्यावरच्या फॅमिली डॉक्टरांकडे जातो. त्यांनी एमबीबीएस करून २० वर्षं झाली असतील, तर मधल्या काळातलं नवं ज्ञान त्यांच्यापर्यंत पोहोचतं कसं?

त्यासाठी ‘सीएमई’ म्हणजे निरंतर वैद्यकीय शिक्षण असतं. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण करताना ३० क्रेडिट पॉइंट लागतात. देशपातळीवरच्या २००२ च्या आचारनियमांतही ५ वर्षांत ३० तासांचीच अपेक्षा आहे. म्हणजे महिन्याला जेमतेम अर्धा तास!

माझ्या मते तासांपेक्षा विषय महत्त्वाचे. दवाखान्यात रोज येतात ते ताप, बीपी, शुगर आणि दम्याचे पेशंट. तिथे रोबोटिक सर्जरीवरच्या व्याख्यानाचा काय उपयोग? साधी सर्दी विषाणूंमुळे होते, तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. तरी ते लिहून दिलं जातं आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

म्हणून निम्मे पॉइंट रोजच्या आजारांसाठी राखून ठेवावेत. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्यांसाठी हे वर्ग मोबाइलवर व्हावेत आणि शेवटी छोटी चाचणी असावी. आपणही ‘डॉक्टर, जरा स्ट्राँग गोळी द्या’ म्हणणं सोडायला हवं.