सकल आणि शकल

कोथरुडांतील एका वाचकभगिनीनें आम्हांस एक प्रश्न विचारिला आहे. त्यांच्या आजेसासूबाई स्तोत्रें व जात्यावरील ओव्या म्हणत असतां घेतलेलें तासाभराचें चित्रण मोबाइलमध्यें आहे. आजेसासूबाई आतां हयात नाहींत. परदेशांतील नातवंडांना तें पाठवूं म्हटलें तर फाइल फार अवजड. शिवाय मोबाइलमध्यें जागाहि उरली नाहीं. तेव्हां आवाज तेवढा काढून घ्यावा व चित्रण पुसून टाकावें काय? पहिल्या गोष्टीस आमचें उत्तर 'अवश्य', आणि दुसरीस 'मुळींच नाहीं' असें आहे.

व्हिडिओची फाइल हा एक डबा आहे. त्यांत चित्राचा व ध्वनीचा असे दोन प्रवाह निरनिराळे ठेविलेले असतात. १९३३ सालीं 'प्रभात' कंपनी पुण्यास आली, त्या काळच्या बोलपटांच्या फितीवरहि चित्रांच्या कडेला ध्वनीची वेगळी पट्टी असेच. म्हणून 'एफएफएमपेग'सारख्या विनामूल्य प्रोग्रॅमनें ध्वनीचा प्रवाह जसाच्या तसा बाहेर काढितां येतो. यांत आवाजाची यत्किंचितहि हानि होत नाहीं. हें काम प्रथम करावें.

हानि होते ती पुढें, आवाज आवळतांना. मोबाइलवरील संभाषणासाठीं १९९९ च्या सुमारास 'एएमआर' नांवाची पद्धति रूढ झाली. सेकंदास २००० किलोबिट या मानानें तासाभराचें चित्रण ९०० मेगाबाइट भरतें; तोच आवाज एएमआरच्या सर्वांत वरच्या, म्हणजे १२.२ किलोबिटांच्या, मानानें साडेपांच मेगाबाइटांत मावतो. हें साधतें कसें? हें यंत्र सेकंदाचे पन्नास भाग करितें, आणि प्रत्येक भागांत कंठांतून नाद कसा निघाला व मुखाची आकृति कशी होती, याचें वर्णन तेवढें टिपून ठेवितें. आमच्या शिक्षाग्रंथांनीं वर्णांचीं स्थानें व प्रयत्न सांगितले, त्याच वाटेचा हा विचार आहे. परंतु तंबोऱ्यास कंठ नाहीं व टाळांस तालु नाहीं. म्हणून या पद्धतींत बोलणें कळतें, पण गाण्याची दशा होते.

दुसरी उणीव उच्चारांची. एएमआर सेकंदाला ८००० नोंदी घेतें, आणि सुमारें ३४०० कंपनांच्या वरचा ध्वनि तींत राहत नाहीं. 'स'काराचा बहुतेक सीत्कार तर त्याच्याहि वर असतो. त्यामुळें 'स' व 'श' यांतील भेद पुसट होतो. 'सकल' म्हणजे संपूर्ण आणि 'शकल' म्हणजे तुकडा; ऐकणाऱ्यानें कोणतें समजावें? नातवंडें ज्या आवाजावरून स्तोत्र शिकणार, त्यांत असा संदेह राहूं देणें बरें नव्हे.

यास उपाय आहे. एएमआरचाच 'वाइडबँड' प्रकार १६००० नोंदी घेतो आणि ७००० कंपनांपर्यंत पोंचतो. २०१२ सालीं प्रमाण ठरलेली 'ओपस' पद्धति तर विनामूल्य असून बोलणें व गाणें दोन्ही सांभाळते. तिच्या २४ किलोबिटांच्या मानानें तासाचा आवाज अकरा मेगाबाइटांच्या आंतच राहतो. पांच-सहा मेगाबाइटांच्या काटकसरीसाठीं सकार गमावण्याचें कारण नाहीं.

एक पथ्य मात्र कटाक्षानें पाळावें. आवळलेल्या प्रतीवरून पुन्हां दुसरी आवळूं नये. दर वेळीं मुळावरूनच करावी. एकदां गळालेला ध्वनि फाइल मोठी केल्यानें परत येत नाहीं. आणि मूळ चित्रण दोन निरनिराळ्या ठिकाणीं जपून ठेवावें. ओवी म्हणतांना जात्याचा खुंटा धरल्यासारखा फिरणारा म्हातारीचा हात कोणत्याहि ध्वनिफाइलींत मावणार नाहीं. दूरदेशीं शकल खुशाल पाठवावें. परंतु घरांत सकल असलें, तरच त्या शकलाला अर्थ आहे.