नाव ठोकून देणारे
बाभळीच्या काट्यांत मातकट रंगाचा पक्षी दोन सेकंद हलला, की आम्हा पक्षीनिरीक्षकांतला कुणीतरी छाती काढून सांगतोच, "साइक्सचा वटवट्या!" कशावरून? "अहो, रंग बघा की, राखाडी आहे." रंग? कोवळ्या उन्हात तांबूस दिसणारा पक्षी ढग आला की राखाडी होतो. एवढे ज्याला उमगत नाही, त्याने गळ्यात हातभर लेन्स अडकवून काय साधले?

पुण्याभोवतीच्या माळांवर हिवाळ्यात हे दोघे पाहुणे येतात: बूटेड वटवट्या आणि साइक्सचा वटवट्या. दोघेही जेमतेम १२ सेंटिमीटरचे, दोघेही मळकट, दोघांचीही भुवई फिकट. कर्नल साइक्सने दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ साली छापली आणि त्यात या दुसऱ्याला 'रामा' हे शास्त्रीय नाव दिले. पुढे कित्येक दशके भलेभले पक्षिशास्त्रज्ञ दोघांना एकच जात धरून चालले होते. संग्रहालयात कातडी शेजारी शेजारी मांडून, चोच आणि पंख मोजून काम करणारी ती माणसे! आणि आमचे पंडित दुर्बीण डोळ्याला लागायच्या आत निवाडा देऊन मोकळे. या उद्धटपणाला ज्ञान म्हणायचे?

फरक आहेत, नाही कोण म्हणतो? साइक्सची चोच लांब, शेपटीही लांब. बूटेडची चोच आखूड, भुवई जरा ठळक, वावर बराचसा जमिनीलगत. पण लांब म्हणजे कुणापेक्षा लांब? शेजारी दुसरा बसलाय का तुलनेला? एकट्या खुणेवर विसंबणे म्हणजे आवाजावरून जावई ठरवणे. तीन-चार खुणा जुळल्या तर तोंड उघडावे. त्यात तिसरा घोळ ब्लिथच्या वेळू वटवट्याचा. त्याची शेपटी टोकाला गोलसर, शेपटीखालची पिसे लांब. या दोघांची शेपटी टोकाला सरळ. पण शेपटीखाली बघायला सवड कुणाला? सगळ्यांचे डोळे आपण पाहिलेल्या जातींच्या यादीतल्या आकड्यावर!

इंग्लंडात सेलबर्नच्या गिल्बर्ट व्हाइटने १७६८ साली एकसारख्या दिसणाऱ्या तीन पर्ण वटवट्यांच्या जाती वेगळ्या ओळखल्या. त्याच्याजवळ दुर्बीण, कॅमेरा काही नव्हते. तो तिघांची गाणी कान देऊन ऐकत राहिला. आमचे वीर मात्र पक्षी बोलायची वाटच बघत नाहीत. मोबाइलवर त्याचीच हाक वाजवून त्याला झुडपाबाहेर खेचतात. पोटापाण्याच्या वेळी त्याला उगाच भांडायला लावणाऱ्याने निसर्गप्रेमाच्या गप्पा मारू नयेत.

पक्षिनोंदींच्या ई-बर्ड या संकेतस्थळावर 'बूटेड किंवा साइक्सचा' अशी जोडनोंद करता येते. ती करताना आमच्या लोकांचा जीव जातो, कारण तिने यादी वाढत नाही. मग ठोकतात एक नाव, आणि नकाशावर एक खोटा ठिपका कायमचा बसतो. कोणता पक्षी कुठे उतरतो, कधी जातो, हे उद्या कुणी त्याच ठिपक्यांवरून शोधू लागेल. त्या माणसाला तुम्ही आजच फसवून ठेवलेत.

माझ्या वह्यांत 'वटवट्या, जात अनिश्चित' ही ओळ पानोपानी आहे. त्यातल्या एकाही ओळीत मी मागाहून नाव घुसडलेले नाही.