मागच्या बाकावरचे स्नायू

‘वीस वर्षे न चुकता रोज बारा सूर्यनमस्कार घालतो. तरीही माळ्यावरचा डबा काढताना उजवा खांदा दुखतो आणि पायजमा घालताना भिंतीला हात लावावा लागतो. व्यायाम कुठे कमी पडला?’ साठी ओलांडलेल्या एका वाचकांनी हे विचारले आहे. त्यांच्या खांद्यात नेमके काय बिघडले आहे, हे तपासल्यावाचून सांगता येणार नाही. तो डॉक्टरांना दाखवावाच. पण प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. नियमाने व्यायाम करणाऱ्या कितीतरी घरांत तो दडलेला असतो. त्याचे थोडक्यात उत्तर असे, की व्यायाम कमी पडला नाही. तो एकाच वाटेने चालत राहिला.

सूर्यनमस्काराकडे नीट पाहा. शरीर पुढे वाकते, मागे वळते आणि हात जमिनीला रेटतात. त्यात कशालाही धरून ओढणे नाही, कडेच्या दिशेची हालचाल नाही आणि विनाआधार एका पायावर उभे राहणेही नाही. दंड-बैठकांचेही तसेच. हा त्या व्यायामांचा दोष नव्हे. आखाड्यात ते कधी एकटे नसत. त्यांच्या जोडीला कुस्ती होती, मल्लखांब होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले असे मानतात. तो मुळात मल्लांचा पूरक व्यायाम. खांबाला धरून स्वतःचा भार वर खेचायचा, मांड्यांनी पकड घट्ट ठेवायची. दंडाने रेटायला शिकलेल्या शरीराला मल्लखांब ओढायला शिकवत असे.

घरातही विहिरीचे पाणी शेंदणे, रवीने ताक घुसळणे, दिवसातून अनेकदा जमिनीवरून उठणे-बसणे चालत असे. त्या कष्टांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्यांनी अनेक बायकांच्या पाठी मोडल्या. पण कष्ट गेले तशा त्या हालचालीही गेल्या आणि त्यांची जागा आपण रिकामीच ठेवली. वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुलाला कोणी प्रश्नच विचारू नये, तसे आपल्या काही स्नायूंचे झाले आहे.

त्यांतले तीन येथे ओळखून घेऊ. पहिले, खांद्याच्या मागची पाती धरून ठेवणारे स्नायू. हात पूर्ण वर नेताना जे सुमारे १८० अंश होतात, त्यांतले सुमारे ६० अंश पाते फिरल्यामुळे मिळतात. पात्याने साथ दिली नाही, तर खांद्याच्या सांध्यातील स्नायुबंधांवर जादा ताण येऊ शकतो. दुसरे, कुल्ल्याच्या कडेचे स्नायू. चालताना प्रत्येक पावलागणिक आपण क्षणभर एकाच पायावर असतो. त्या क्षणी कंबर एका बाजूला कलू न देण्याचे काम यांचे. तिसरा, नडगीच्या पुढचा स्नायू. तो पावलाचा पुढचा भाग उचलतो. तो थकला, की चवडा उंबरठ्याला किंवा सतरंजीच्या कडेला अडखळतो. उतारवयातल्या अनेक पडण्यांची सुरुवात अशाच अडखळण्याने होते.

आता व्यायाम. साधने म्हणून भिंत आणि खिडकीचे पक्के गज पुरेत.

१. गज ओढणे : छातीच्या उंचीवरचे गज दोन्ही हातांनी धरा, ते गंजलेले किंवा सैल नाहीत, हे आधी पाहा. पाय किंचित पुढे घेऊन, शरीर सरळ ठेवून मागे झुका. मग पाठीमागची पाती एकमेकींकडे आणत छाती गजांजवळ आणा.

२. पाती दंड : भिंतीवर तळवे टेकवा. कोपर न वाकवता छाती भिंतीकडे सैल सोडा आणि पुन्हा मागे रेटा. हालचाल दोन-तीन बोटांचीच असते.

३. कुशीवरचा पाय : कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवा आणि टाच किंचित मागे नेऊन वर उचला. कंबर मागे कलू देऊ नका.

४. चवडे उचलणे : भिंतीला पाठ टेकून, पावले वीतभर पुढे घेऊन उभे राहा. टाचा जमिनीवर ठेवून दोन्ही चवडे वर उचला.

५. एका पायावर उभे राहणे : ओट्याजवळ उभे राहून १० सेकंदांपासून सुरुवात करा, हाताला आधार सापडेल इतकेच अंतर ठेवा. घरातल्या ज्येष्ठांजवळ कोणीतरी उभे असावे.

पहिले चार प्रत्येकी ८ ते १० वेळा, शेवटचा दोन्ही पायांवर. अशी दोन आवर्तने, आठवड्यातून तीन दिवस. श्वास रोखू नये. स्नायू थकल्याची जाणीव चालेल. सांध्यात टोचणारी कळ आली तर तेथेच थांबावे. ज्यांचा खांदा पूर्वी निखळला आहे, हाडे ठिसूळ झाली आहेत किंवा शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

एक पथ्य मात्र तरुणांनीही पाळावे. स्नायूंना बळ काही आठवड्यांत येऊ लागते. त्यांना हाडाशी जोडणारे स्नायुबंध त्या मानाने सावकाश तयार होतात. तिसऱ्या आठवड्यात ‘आता जमते’ असे वाटून एकदम आडव्या दांडीला लोंबकळणाऱ्याचे कोपर किंवा खांदा दुखावतो, तो या तफावतीमुळे. सांध्यातील कूर्चेला तर स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात. हालचालीने सांध्यातला द्रव आत-बाहेर होतो, तेव्हा तिचे पोषण होते. म्हणून थोडे, पण नेमाने.

पत्रलेखक महोदय, सूर्यनमस्कार मुळीच सोडू नका. डॉक्टरांनी खांद्याला हरकत घेतली नाही, तर आठवड्यातून तीन दिवस त्यांना ही पंधरा मिनिटांची सोबत द्या. हरकत घेतली, तर पायांचे व्यायाम तरी करा. तीन महिन्यांनी पायजमा घालताना भिंतीची आठवण झाली नाही, तर आम्हांला अवश्य कळवा.