विदर्भकन्यांची इच्छा

स्त्रियांनी प्रणयकादंबऱ्या वाचू नयेत, त्यांनी मन विटाळते व संसारावरचे लक्ष उडते, हा आक्षेप आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतो. आमचे म्हणणे ह्याच्या नेमके उलट आहे. संसाराच्या रगाड्यात जिला स्वतःची इच्छा कोठे हरवली हेही आठवत नाही, अशा स्त्रीला त्या इच्छेची ओळख पुन्हा पटवून देण्याचे काम प्रणयकथा करू शकते. आणि हे काम हलके नव्हे.

हा आक्षेप वऱ्हाडात निघावा ह्याचे आम्हांस विशेष नवल वाटते. अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर ही रुक्मिणीची नगरी मानली जाते, आणि अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून कृष्णाने तिचे हरण केले अशी परंपरा आहे. कृष्णाला तिने पाहिले नव्हते; त्याच्या रूपगुणांची वर्णने तेवढी ऐकली होती. त्या ऐकीव कथेतूनच तिची इच्छा जागी झाली, आणि भावाने शिशुपालाशी ठरविलेला विवाह झुगारून तिने पत्र धाडले. हीच कथा रिद्धपूरच्या महदंबेने तेराव्या शतकात धवळ्यांतून गायिली. एकनाथांनी १५७१ मध्ये ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले, आणि मनाजोगता वर मिळावा म्हणून उपवर मुलींनी त्याचे पारायण करावे अशी रीत पडली. म्हणजे लग्नाआधी मुलीने प्रणयकथा वाचली तर ते व्रत, आणि लग्नानंतर बाईने वाचली तर ते व्यसन! हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

शास्त्रच हवे असेल, तर दुसरी विदर्भकन्या लोपामुद्रा पाहावी. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १७९ व्या सूक्तात ती तपाचरणात गढलेल्या अगस्त्याला, वर्षे कष्टात गेली, जरा देहाची कांती हिरावून घेत आहे, आता तरी पतीने पत्नीजवळ यावे, असे उघडपणे सांगते. ही अल्लड कुमारिका नव्हे. ही थकलेली गृहिणी आहे. आमच्या आजच्या वादाचा विषय नेमकी हीच स्त्री आहे.

अर्वाचीन काळीही ह्या स्त्रीला वाचा फोडणारे निघाले. र. धों. कर्वे ह्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे हे निर्भीडपणे सांगितले, आणि त्यापायी खटले सोसले. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ निघाले तेव्हा विभावरी शिरूरकर ह्या टोपणनावामागे कोण आहे ह्यावरून केवढे काहूर उठले! वाशीमला जन्मलेल्या गीता साने ह्यांनी १९३६ मध्ये ‘निखळलेली हिरकणी’ लिहून वऱ्हाडचा आवाज त्यात मिळविला. ह्यांतील कोणाचेही लिखाण गुलाबी प्रणयकथा नव्हे. परंतु स्त्रीला मन आहे आणि त्या मनाला मागणी आहे, ही प्रणयकथेची पायाभूत गोष्ट त्यांनी गंभीरपणे मांडली.

कथेने हे साधते कसे? उपदेशाचे पुस्तक स्त्रीला आणखी एक कर्तव्य सांगते, आणि कर्तव्यांची तिला वाण नाही. कथा काही मागत नाही. नायिकेला कोणी न्याहाळून पाहतो, तिचे म्हणणे ऐकतो, तिच्या होकाराची वाट पाहतो. आणि हे वाचताना वाचकस्त्रीच्या ध्यानात येते की, आपल्यालाही हे हवे होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात कामेच्छा मंदावलेल्या काही स्त्रियांना मार्गदर्शनपर पुस्तक दिले, काहींना शृंगारकथा; सुधारणा दोन्हींकडे सारखीच दिसली. एका प्रयोगावर आम्ही सिद्धान्त उभारीत नाही. तथापि कथा निव्वळ करमणूक आहे, असे म्हणणाऱ्यांनी त्याचा विचार करावा.

कोवळ्या मुलामुलींच्या हाती ही पुस्तके पडतील त्याचे काय, असे कोणी विचारील. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ ह्या कथेवरील अश्लीलतेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये त्यांना निर्दोष ठरविले. नुसत्या कामविषयाच्या उल्लेखाने पुस्तक त्याज्य ठरू लागले, तर तरुणांना केवळ धर्मग्रंथच वाचावे लागतील, असा त्या निकालाचा आशय होता. आमच्या धर्मग्रंथांत तरी लोपामुद्रा आहेच!

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. पुष्कळ प्रणयकथांतील नायक दांडगाई करतो आणि लेखक तिला प्रेम म्हणतो. अशा कथांची तरफदारी आम्ही करीत नाही. परंतु ह्यावर उपाय वाचनबंदी हा नसून अधिक वाचन हा आहे. दहा कथा वाचणारी स्त्री दांडगाई आणि अनुनय ह्यांतील भेद ओळखू लागते. जिने एकही वाचली नाही, तिला जे वाट्याला आले तेच प्रेम वाटते.

आणि खरे भय तेथेच आहे. पुस्तक वाचून बाई घर सोडील ही भीती वरवरची; ती घरातच राहून काही मागू लागेल, ही खरी. तिने मागावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मागणीवाचून लाभलेली शांतता ही संसाराची नव्हे, उपासाची शांतता होय. अमरावती-अकोल्याच्या वाचनालयांनी प्रणयकथा संकोच न करता कपाटात मांडाव्यात, आणि गृहस्थांनी पत्नीच्या उशाशी कादंबरी दिसताच कपाळाला आठ्या न घालता ती काय वाचते आहे हे विचारावे. अगस्त्यानेही अखेर लोपामुद्रेचे ऐकले. त्याने त्याचे ऋषिपण उणावले नाही.