चिठ्ठीवर नाव नसते, अक्षर असते

मराठी वाङ्मयात शाळा पुष्कळ आहे. पु. ल. देशपांडे यांचे 'बिगरी ते मॅट्रिक' आणि त्यांचे चितळे मास्तर, प्रकाश नारायण संतांचा लंपन, मिलिंद बोकील यांची २००४ साली प्रसिद्ध झालेली 'शाळा' ही नावे कोणासही सहज आठवतील. परंतु हे सारे लेखन मोठ्या माणसांनी आठवून केलेले आहे. विद्यार्थी शाळेत असतानाच, आपल्याच वर्गाला ऐकवण्यासाठी जे लिहितो, त्याकडे आपल्या समीक्षेने फारसे पाहिलेले नाही. निबंधाची वही येथे आम्हांला अभिप्रेत नाही. ती गुणांसाठी लिहिलेली असते. आम्ही बोलत आहोत ते दहावीच्या निरोप समारंभात वाचल्या जाणाऱ्या फिशपाँडविषयी. नांदेड-लातूरकडच्या एखाद्या लहान गावातील वीस-पंचवीस मुलांच्या वर्गात हा प्रकार जसा घडतो, तसा पाहिला तर विनोदी लेखनाचे पहिले धडे तेथेच गिरवले जातात, असे आमचे मत आहे.

समारंभाचे स्वरूप परिचित आहे. पूर्वपरीक्षा आटोपली आणि बोर्डाची परीक्षा जवळ आली की नववीचा वर्ग दहावीला निरोप देतो. वर्गणी काढून शाळेला भिंतीवरचे घड्याळ किंवा पंखा भेट दिला जातो. मुली बहुधा साड्या नेसून येतात. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि दोन-तीन विद्यार्थी भाषणे करतात. एखाद्या मुलीचा कंठ दाटून येतो. मग फोटो आणि पोहे किंवा मसालेभात. या दोन टोकांच्या मधे कधीतरी बिस्किटांचा रिकामा डबा पुढे येतो आणि तळ्यातून मासा गळाला लागावा तशी त्यातून एकेक चिठ्ठी निघते. चिठ्ठीवर ज्याला उद्देशून ती लिहिली त्याचे नाव असते, लिहिणाऱ्याचे नसते.

याला आपल्याकडे जुना शब्द आहे तो शेलापागोटे. शेला आणि पागोटे ही मानाची वस्त्रे. ज्याची थट्टा करायची त्याला आधी मानाने उभे करायचे आणि मग भलतेच पागोटे त्याच्या डोक्यावर ठेवायचे, ही कल्पनाच मोठी मार्मिक आहे. 'फिशपाँड' या शब्दात केवळ खेळ आहे. 'शेलापागोटे' या शब्दात त्या खेळाचे तत्त्व आले आहे. ज्याला वर्गात काही स्थान आहे त्याचीच चिठ्ठी निघते. म्हणूनच आपल्या नावाची चिठ्ठी निघाली नाही याचे दुःख झोंबऱ्या चिठ्ठीहून अधिक असते. चेष्टा झाली नाही म्हणजे आपण कोणाच्या लक्षातच आलो नाही!

आता भाषेकडे पाहा. त्याच समारंभात तोच मुलगा दोन मराठी बोलतो. भाषणात तो 'गुरुजनवर्ग' आणि 'शिदोरी' हे शब्द वापरतो. ते त्याने गतवर्षीच्या भाषणातून घेतलेले असतात. चिठ्ठीत मात्र 'काय करायलास' आणि 'कामून' येते. देगलूर-धर्माबादकडे त्यात तेलुगू डोकावते, उदगीरकडे कानडी, आणि दखनीचा सूर तर सर्वत्रच असतो. बारा महिने जी बोली वहीबाहेर ठेवायची असते ती या एका दिवशी कागदावर उतरते आणि शिक्षकांसमोर मोठ्याने वाचली जाते. सदैव गैरहजर असणाऱ्या मुलासाठी 'मराठवाड्याचा पाऊस : येतो म्हणतो, येत न्हाई', किंवा रोज उशिरा येणाऱ्यासाठी 'याचं घड्याळ महामंडळाच्या गाडीवर लावलेलं हाय', या धर्तीची ओळ ऐकताच वर्ग हसतो, कारण ती त्याच्या जगण्यातून उचललेली असते. पाठ्यपुस्तकातील कवितेचे विडंबन करायचे तर मूळ कविता पाठ असावी लागते. 'झेंडूची फुले' लिहिणारे आचार्य अत्रे स्वतः मुख्याध्यापक होते, हे येथे आठवल्याखेरीज राहत नाही.

नांदेडमध्ये हा विषय काढावा आणि नरहर कुरुंदकरांचे नाव येऊ नये हे शक्य नाही. महाविद्यालयात येण्यापूर्वी ते याच शहरातील प्रतिभा निकेतन या शाळेत शिक्षक होते, आणि भरताच्या नाट्यशास्त्राचा मराठीत ज्यांनी कसून विचार केला त्यांत त्यांची गणना होते. भरताने हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगून त्यांची उत्तम, मध्यम, अधम अशी दोन-दोनांत वाटणी केली. हास्याची कारणे सांगताना त्याने विकृत वेष वगैरेंबरोबर 'व्यंगदर्शन' आणि 'दोषोदाहरण' ही दोन वेगवेगळी नोंदवली आहेत. एकात शरीरातील उणेपणा दाखवला जातो, दुसऱ्यात वागण्यातील दोष. त्यांची प्रतवारी भरताने लावलेली नाही. ती आपण लावावी, असे आमचे म्हणणे आहे. शाळेतील विनोदाचा सगळा बरावाईटपणा या दोन शब्दांच्या मधल्या अंतरात आहे.

लहान वर्गाचे महत्त्व येथे कळते. वीस मुले पाच-सहा वर्षे एकाच खोलीत बसली की प्रत्येकाला प्रत्येकाचे अक्षर ओळखता येते. वेलांटीचे वळण पाहून 'ही अमक्याची' असे मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतेच. म्हणजे चिठ्ठी निनावी असते, पण लिहिणारा लपलेला नसतो. दुसऱ्या दिवशी त्याच नळावर, त्याच बसथांब्यावर आपण भेटणार आहोत हे ठाऊक असलेला माणूस जपून लिहितो आणि नेमके लिहितो. ज्या माणसाला आपण जवळून पाहिले आहे त्याच्या खोडीवर विनोद करता येतो. जेथे शेकडो अनोळखी मुले एकत्र बसतात तेथे हसायला जात, रंग, गाव, आडनाव एवढेच हाती लागते. गर्दीचा विनोद व्यंगदर्शनाकडे झुकतो, त्याचे कारण बहुधा ओळखीचा अभाव हे असावे.

याचा अर्थ लहान वर्गात सारे निर्मळ असते असा नव्हे. शिक्षकदिनी, ५ सप्टेंबरला, दहावीची मुले शाळा चालवतात. कोण मुख्याध्यापक होतो, कोण शिक्षक आणि घंटा वाजवणारा शिपाई कोणाला केले जाते, याची यादी एकदा तपासून पाहावी. पहिला क्रमांक आणि गावातील वजन वरच्या खुर्चीवर बसते. घंटा कोणाच्या हाती येते हे पुष्कळदा गावाला विचारावे लागत नाही. गंमत अशी की, सर्वांत चांगली नक्कल अनेकदा त्या शिपायाकडूनच होते. साहेबांना जवळून, पण खालून पाहणारा तोच असतो.

याहून गंभीर गोष्ट मुलींच्या बाबतीत घडते. भरताने हास्याला शृंगाराची अनुकृती म्हटले आहे, आणि पंधरा-सोळाव्या वर्षी तर जोड्या लावण्यावाचून विनोद सुचत नाही. मुलासाठी ती गंमत असते; तो कॉलर ताठ करतो. मुलीचे नाव मात्र चिठ्ठीतून गावात जाते. मराठवाड्यात मुलींची लग्ने अजूनही लवकर उरकली जातात, हे आपण सर्व जाणतो. पुढील शिक्षणासाठी तिला तालुक्याला धाडावे की नाही, या विचारात असलेल्या घरात एका ओळीचा विनोद निर्णायक ठरू शकतो. हसणाऱ्यांना ते कधी कळतही नाही.

या भयापोटी पुष्कळ शाळांनी फिशपाँड बंद केले. काही ठिकाणी चिठ्ठ्या आधी शिक्षक तपासतात आणि निरुपद्रवी तेवढ्या ठेवतात. परिणाम असा की मुले आता मोबाईलवर फिरणारे तयार फिशपाँड उतरवून आणतात. 'वर्गात आली परी' छापाची ती वाक्ये कोणत्याही गावात, कोणत्याही मुलीला लागू पडतात, म्हणजेच कोणालाच लागू पडत नाहीत. धोका टळला, परंतु त्याबरोबर निरीक्षण, बोली आणि शब्दांची काटकसर हेही गेले. दुखावणारे वाक्य आणि मृत वाक्य यांतून निवड करण्याची वेळ आली, तर शाळेने मृत वाक्य निवडावे हे आम्हांला समजते. पण तशी वेळ येऊ न देणे हे मराठीच्या शिक्षकाचे काम आहे.

ते काम अवघड नाही. समारंभापूर्वीचा एक तास त्यासाठी द्यावा. जे माणसाने स्वतः केले त्यावर लिहावे, जे त्याला जन्मतः मिळाले त्यावर नाही. दोषोदाहरण चालेल, व्यंगदर्शन नाही. दोन नावे एका चिठ्ठीत येऊ नयेत. आणि प्रत्येकाने आधी स्वतःसाठी एक चिठ्ठी लिहावी. स्वतःवर लिहिताना दोष कितपत सोसतो हे कळले की दुसऱ्यावर लिहिण्याचे माप आपोआप हाती येते. शिक्षकांनाही यातून सूट नसावी; जो वर्ग वर्गशिक्षकांवर चिठ्ठी लिहू शकतो त्याला दुर्बळांवर लिहिण्याची फारशी गरज उरत नाही.

हे सारे आज सांगण्याचे कारण हा लहान वर्गच दोन्ही बाजूंनी कापला जात आहे. एकीकडे, विसापेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव शासनाने २०२३ साली मागवले. तो प्रश्न मुख्यतः प्राथमिक शाळांचा होता, पण जेथे पाचवीच उरणार नाही तेथे दहावी कोठून येणार? दुसरीकडे, दहावी होताच मुले लातूरला किंवा नांदेडला शिकवणी वर्गांत दाखल होतात. लातूर पॅटर्नने या मागास म्हटल्या गेलेल्या प्रदेशातील मुलांना डॉक्टर-इंजिनिअर होण्याची वाट दाखवली, हे ऋण नाकारता येणार नाही. परंतु त्या दोन वर्षांत मुलाला वर्ग असा उरत नाही, बॅच असते. चौकातील फलकावर त्याचा फोटो लागला तरी त्याखाली गुण लिहिलेले असतात. ज्याला गावच्या शाळेत चिठ्ठीने टोपणनाव दिले होते त्याची ओळख आता आकड्याने होते. त्यामुळे या भागातील पुष्कळ मुलांच्या बाबतीत दहावीचा तो डबा हाच एकत्र हसण्याचा शेवटचा प्रसंग ठरतो.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या चार जिल्ह्यांत मराठी विभागांची वाण नाही. उखाणे, ओव्या, म्हणी गोळा करण्यासाठी आपण विद्यार्थ्यांना खेड्यांत धाडतो. त्याच विद्यार्थ्यांनी आपापल्या शाळांतील जुन्या चिठ्ठ्या, हस्तलिखिते, सह्यांच्या वह्या का जमवू नयेत? कोणत्या वर्षापर्यंत चिठ्ठीत बोली टिकली, कधीपासून तयार वाक्ये आली, मुलींवरच्या आणि मुलींनी लिहिलेल्या चिठ्ठ्यांत काय फरक पडत गेला, हे प्रश्न पदव्युत्तर प्रबंधाला पुरेसे आहेत. नावे झाकावीत, ओळी राहू द्याव्यात. समारंभ संपल्यावर नववीची मुले खोली झाडतात तेव्हा त्या चिठ्ठ्या केरात जातात. यंदा निदान एका शाळेत मराठीच्या शिक्षकांनी तो डबा उचलून कपाटात ठेवला, तरी आरंभाला तेवढे पुरे आहे.